शंभरावर सात

ज्या दगडाविषयी मी लिहिणार आहे, तो जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत कुठेही सापडत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण दगडाविषयी कुणी चार शब्द बोललं की लोक कुदळ घेऊन निघतात, हे मी पाहिलं आहे. संपादकांनी मला ‘नोकरी करणारी स्त्री’ या विषयावर लिहायला सुचवलं होतं. त्या विषयावर माझ्याजवळ सांगण्यासारखं थोडं आहे, आणि सांगावंसं वाटतं ते त्याहूनही थोडं. डोलोमाइट नावाच्या दगडाविषयी मात्र मला सांगायला हवं.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी बांधकामाच्या एका खात्यात लागले आणि छप्पन सालच्या हिवाळ्यात माझी नेमणूक जुन्नरला झाली. दोन तालुक्यांत शाळा, दवाखाने, लहान पूल अशी कामं निघाली होती. सिमेंट मिळत नव्हतं. जे मिळे ते धरणांना आणि कारखान्यांना जाई. बाकीच्यांनी चुन्यावर भागवायचं. तो चुना कामाचा आहे की नाही, हे तपासून कागदावर लिहून देणं ही माझी नोकरी.

प्रयोगशाळा म्हणजे कचेरीच्या मागची एक खोली. माझ्याआधी तिथे तंबू आणि जुने टायर ठेवत. पहिला महिनाभर माझ्या सगळ्या काचेच्या भांड्यांना रबराचा वास येत असे. खिडकीतून शिवनेरीची एक बाजू दिसायची. सकाळी दहा ते पाच मी त्या खोलीत असे आणि कित्येक दिवस असे गेले की ‘हो’ आणि ‘ठेवा तिथे’ यांपलीकडे माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. माझं शिक्षण पुण्याच्या कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत झालेलं. मराठी मला येत होतं, पण ते घरातलं मराठी. बाजारात उभं राहून मोठ्याने बोलण्याचं नव्हे. बाजाराच्या दिवशी मी भाजीकडे बोट दाखवून भाजी घेत असे. बायका आपसांत म्हणायच्या, “मुकी हाय का काय?” ते मला ऐकू येई, म्हणून मी आणखी गप्प राही.

बोलायला येत ते दगडवाले. सरकारने दगड तपासायला बाई पाठवली आहे ही बातमी पसरल्यावर लोक धोतराच्या सोग्यात, फडक्यात, एकदा तर पितळी डब्यात दगड घेऊन आले. घाटघरचा एक म्हातारा पहाटे निघून दुपारी पोचला. विहीर खणताना त्याला काळ्या पाषाणाच्या पोकळीत पांढरेशुभ्र, काचेसारखे स्फटिक सापडले होते.

“हिरं हायती का बगा,” तो म्हणाला, आणि मागे वळून दार लोटून घेतलं.

मी त्यावर चाकू ओढला, ओरखडा उठला. आम्लाचा थेंब टाकला, फेस आला. हा कॅल्साइट. आपला सह्याद्री लाव्हारसाचा बनलेला. तो रस थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि पुढे त्या पोकळ्यांत पाण्याबरोबर आलेली खनिजं जमतात. दिसायला देखणी असतात. मी त्याला हे जमेल तसं सांगितलं.

“म्हंजी हिरं न्हाईत.”

“नाहीत.”

“आसूं द्या. पर तुमी कुनाला सांगू नका हां, बाई. भावकी हासंल.”

मी कुणाला सांगितलं नाही. सांगायला कुणी नव्हतंच.

एक माणूस मात्र दगड न घेता यायचा. उस्मान मिस्त्री जुन्नरचे गिलावा करणारे. साठीचे, किडकिडीत, बोटांची टोकं चुन्याने खाल्लेली. खात्याच्या कामावरचा गिलावा त्यांच्याकडे होता. त्यांचा माझ्या तपासणीवर विश्वास नव्हता, पण कुतूहल होतं. दारात चप्पल काढून ते विचारत, “काय बाई, तुमचं पानी आज काय म्हनतंय?” पाणी म्हणजे माझं आम्ल. मग ते खिडकीशी उभे राहून माझं काम बघत. मी बोलले नाही तरी त्यांना अवघडल्यासारखं होत नसे. एकदा म्हणाले, “तुमी इंग्रजीत इचार करता आन मराठीत गप ऱ्हाता. दोन्हीकडनं आमचंच नुकसान.” मला हसू आलं. त्या खोलीत मी हसल्याचं मला आठवतं ते तेवढंच.

त्यांची तपासणीची रीत वेगळी होती. नवा चुना हाती आला की ते तळहाताएवढा गिलावा आपल्या घराच्या अंगणातल्या भिंतीवर थापायचे. “आमच्यात चुन्याला एक पावसाळा दावत्यात,” ते म्हणाले. “सोयरीक करन्याआधी घर बगतो का न्हाई आपन?” ती भिंत त्यांनी मला दाखवली. चाळीस वर्षांचे तळवे तिच्यावर होते: काही गुळगुळीत, काही फुटलेले, काहींच्या जागी नुसती विटेची खूण. खाली ना नाव, ना तारीख. पण कोणता चुना कुठला आणि तो कुठे वापरला, हे ते बोट ठेवून सांगत होते.

माझ्या कॉलेजातून मिळालेली नमुन्यांची एक लाकडी पेटी होती. त्यातला एक फिकट, गुलाबीसर दगड उचलून त्यांनी एकदा विचारलं, हा कुठला. मी दोन दगड शेजारी ठेवले. चुनखडीवर थंड आम्लाचा थेंब टाकला, ती फसफसली. गुलाबी दगडावर टाकला, काही झालं नाही.

“ह्यो गप हाय,” मिस्त्री म्हणाले.

मग मी चाकूने तो दगड खरवडला आणि त्या भुकटीवर थेंब सोडला. हळूहळू बुडबुडे येऊ लागले. हीच डोलोमाइटची ओळख. चुनखडीपेक्षा किंचित कठीण, किंचित जड, मोत्यासारखी मंद झाक. चुनखडीत नुसतं कॅल्शियम. डोलोमाइटमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जवळजवळ बरोबरीने बसलेलं असतं. तो बनतो समुद्रात. उथळ, ऊन समुद्राच्या तळाशी शंखशिंपल्यांचा चुनखडीचा गाळ साचतो. पाणी आटून खारट होत जातं, त्यातलं मॅग्नेशियम गाळात झिरपतं आणि कॅल्शियमची काही जागा घेतं. जाणकारांमध्ये यावर अजून वाद आहेत, कारण डोंगरच्या डोंगर या दगडाचे असले तरी तो बनताना नीटसा कुणी पाहिलेला नाही.

“दगड पान्यात शिजतो म्हनता?” मिस्त्रींनी विचारलं.

“शिजत नाही. मुरतो.”

“लोनच्यावानी.”

“हो, लोणच्यासारखा.”

“किती दिस?”

“लाखो वर्षं.”

“आन आमाला ओव्हरसियर चुना भिजवाया पंधराच्या वर येक दिस देत न्हाई.”

त्याचा उपयोग काय, असंही त्यांनी विचारलं. मी सांगितलं, पोलादाच्या भट्ट्यांना आतून अस्तर लावायला, कारण तो प्रचंड उष्णता सोसतो, काच करताना, आंबट झालेल्या जमिनीत घालायला. “आन गिलाव्याला?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, काही देशांत वापरतात. मला तेवढंच माहीत होतं.

मार्चमध्ये माझ्या टेबलावर दोन चुने आले. घोडेगावच्या रस्त्यावरच्या एका गावात बाळंतपणाचा दवाखाना बांधून होत आला होता, त्याच्या गिलाव्यासाठी. गावाचं नाव लिहीत नाही. पहिला चुना कोंडाबाई लोणारणीचा. तिची भट्टी नदीकाठी होती. ओढ्याच्या पात्रातले आणि शेताच्या बांधावरचे चुन्याचे खडे वेचून ती भाजत असे. चुना करडा, मातकट. पिशवी ठेवताना तीच म्हणाली, “काळासावळा हाय, पर धरून ऱ्हातो. माज्या धन्यावानी.” दुसरा चुना बाहेरून, पूर्वेकडच्या एका भट्टीतून ठेकेदाराने मागवलेला. दुधासारखा पांढरा.

तपासणीची रीत वाचकांना थोडक्यात सांगते. चुना वजन करून घ्यायचा, त्यात मोजून जास्तीचं आम्ल घालून उकळायचं. चुना आम्ल खातो. शेवटी किती आम्ल उरलं ते मोजायचं, म्हणजे किती खाल्लं गेलं ते कळतं, आणि त्यावरून शंभर भागांत चुना किती ते काढायचं. अहवालाच्या छापील कागदावर त्यासाठी एकच चौकट होती.

कोंडाबाईच्या चुन्याचा आकडा फार कमी आला. त्यात माती होती. पांढऱ्या चुन्याचा आला एकशे सात.

शंभर तोळ्यांत एकशे सात तोळे चुना असू शकत नाही. मी पुन्हा केलं. एकशे सहा. भांडी धुतली, आम्ल नवं केलं, तिसऱ्यांदा केलं. पुन्हा एकशे सात. तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. मी चुकते आहे एवढंच मला कळत होतं. काय चुकतं आहे, हे पुण्याच्या मुख्य प्रयोगशाळेला लिहून विचारता आलं असतं. तिथे चार पुरुष होते. मला नेमताना त्यांतल्या एकाने दुसऱ्याला इंग्रजीत विचारलं होतं, हिला निदान तराजू तरी वापरता येतो का. मला इंग्रजी कळणार नाही असं त्याला का वाटलं, कोण जाणे. “माझा चुना शंभराच्या वर जातो आहे” असं पत्र त्यांना लिहिण्याच्या कल्पनेनेच माझे कान तापले.

मी वहीतला एकशे सात खोडला आणि वर सत्त्याण्णव लिहिलं. वाटलं, आपल्याकडून कुठेतरी दहाची चूक होते आहे, चुना तर शुद्ध दिसतोच. अहवालात सत्त्याण्णव गेलं. कोंडाबाईचा चुना नापास झाला.

आज मला माहीत आहे ते असं. मॅग्नेशियम वजनाला हलकं, पण आम्ल चुन्यापेक्षा जास्त खातं. डोलोमाइट भाजून केलेला चुना या पद्धतीने तपासला की आकडा शंभराच्या वर जातो. तो आकडा चूक नव्हता. ‘मी नुसता चुना नाही’ असं तो पदार्थ मला ज्या एकाच मार्गाने सांगू शकत होता, त्या मार्गाने सांगत होता.

चुना कामावर आला तेव्हा मिस्त्रींना तो आवडला नाही. कळीच्या चुन्यावर पाणी घातलं की तो उकळतो, तडतडतो, फुटून पीठ होतो. ती त्याची भूक. हा नुसता कोमट झाला. मी त्या दिवशी कामावर होते.

“ह्यो आळशी हाय,” मिस्त्री ओव्हरसियरना म्हणाले. “ह्याला हौदात पावसाळाभर ठिवा. दसऱ्याला गिलावा करू.”

“दसऱ्याला? अहो मिस्त्री, दवाखाना जूनमध्ये सुरू करायचाय. पंधरा दिवस भिजवा, सगळ्यांना पुरतात.”

“सगळ्यांस्नी पुरत्यात. ह्यो सगळ्यांतला न्हाई.” मग ते माझ्याकडे वळले. “बाई, तुमच्या कागदावर काय हाय?”

ओव्हरसियरही बघत होते. मला एकशे सात आठवलं, अगदी स्पष्ट.

“कागदावर चांगला आहे,” मी म्हणाले.

मिस्त्रींनी मान हलवली. “मंग झालं.” त्यांनी पंधरा दिवस चुना भिजवला, बैलाच्या चुनाघाणीत वाळूबरोबर मळला आणि मे महिन्यात गिलावा केला. इतका सपाट गिलावा मी पुन्हा पाहिला नाही. छतावर हात फिरवावासा वाटे. सवयीप्रमाणे त्यांनी तळहाताएवढा चुना घरच्या भिंतीवर लावला, आणि एक गाडगंभर तोच चुना पाण्याखाली बाजूला ठेवला.

दिवाळीनंतर गिलाव्याला फोड आले. आधी वाटाण्याएवढे, त्यांच्या टोकाचा टवका उडे आणि खाली पांढरी पूड दिसे. मग छताला पोट आलं. एका सकाळी नर्सबाई बाळंतिणींना अंगणात उन्हाला घेऊन गेल्या असताना पाटाएवढा तुकडा खाली आला. कुणाला लागलं नाही. पण त्या दिवसापासून सगळ्या खाटा व्हरांड्यात गेल्या आणि थंडीला सुरुवात झाली होती.

ओव्हरसियरनी वर कळवलं: मिस्त्रीने चुना कच्चा वापरला. पुण्याहून मोठे साहेब चौकशीला येणार असं ठरलं. मिस्त्रींवर ठपका आला तर त्यांचं नाव खात्याच्या कामांतून कायमचं काढलं जाणार होतं. ते तेवढ्यावर थांबणार नव्हतं. जुन्नरमध्ये कुणाचा गिलावा पडला हे सोनारापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना कळतं. बाजारात मी स्वतः ऐकलं, “उस्मानचा हात गेला आता. छत पाडलं बाळंतिनींवर.”

मी त्यांच्या घरी गेले. ते मला अंगणात भिंतीपाशी घेऊन गेले. मे महिन्यातल्या तळव्याला तसेच फोड आले होते. शेजारी दुसरा तळवा होता, गाडग्यातल्या चुन्याचा. पावसाळाभर भिजवून दसऱ्याला लावलेला. तो अगदी चांगला होता.

“बगा,” ते म्हणाले. “माजी भिंतच सांगती, चुना कच्चा व्हता. ओव्हरसियर खोटं न्हाई बोलत.”

“पण पंधरा दिवस पुरेसे असतात.”

“आसत्यात. ह्याला का न्हाई पुरलं, ते मला ठावं न्हाई. गिलावा माज्या हातचा हाय. पडला तर माजाच म्हनायचा.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला ती असती तर बरं झालं असतं.

दवाखान्याच्या मागे त्या चुन्याची दोन फुटकी पोती पडून होती. मी ती चाळली. भट्टीत प्रत्येक दगड आतपर्यंत भाजला जात नाही. मोठ्या गोट्याच्या पोटात कधीकधी कच्चा दगड राहतो. तसा एक तुकडा मिळाला. प्रयोगशाळेत नेऊन त्यावर थंड आम्लाचा थेंब टाकला. तो तसाच थेंब होऊन बसून राहिला. मी दगड खरवडला, भुकटीवर थेंब सोडला, आणि बुडबुडे यायच्या आधीच मला सगळं कळलं.

मग मी पुस्तकं काढली. डोलोमाइटचा चुना जास्त आचेवर भाजला तर त्यातलं मॅग्नेशियम जणू निजून जातं. ते पंधरा दिवसांत पाणी घेत नाही. महिनोन्‌महिने घेत राहतं आणि पाणी घेताना फुगतं. गिलावा तोवर सुकून कडक झालेला असतो. आतलं फुगलं की तो फुटतो. कोंडाबाईच्या चुन्याबद्दलही त्याच पुस्तकांत होतं. त्यात जी माती आहे म्हणून मी तो नापास केला, तीच माती भाजली गेल्याने तसा चुना ओलाव्यातसुद्धा घट्ट धरतो. जुन्नर-आंबेगावच्या पावसात तोच हवा होता.

आता मिस्त्रींना सोडवू शकेल असं एकच माणूस होतं, आणि ते मी होते.

मोठे साहेब आले. दवाखान्याच्या रिकाम्या खोलीत टेबल मांडलं होतं. ओव्हरसियर एका बाजूला, मिस्त्री दाराशी उभे. साहेबांनी मला इंग्रजीत विचारलं आणि मी इंग्रजीत बोलले. इंग्रजीत मला लाज कमी वाटते. दगड दाखवला, आम्लाची परीक्षा करून दाखवली, मॅग्नेशियम वेगळं काढून मोजलं होतं ते आकडे दिले. हा चुना डोलोमाइटचा आहे, नेहमीच्या रीतीने भिजवला तर कोणत्याही गवंड्याच्या हातून हेच झालं असतं, असं म्हणाले. माझ्या लक्षात आलं की मी दहा मिनिटं सलग बोलत होते. मिस्त्रींना त्यातलं ‘डोलोमाइट’ एवढंच कळलं असावं.

“मार्चमधल्या तपासणीत हे कसं दिसलं नाही?” साहेबांनी विचारलं.

“ठरलेल्या पद्धतीत मॅग्नेशियम वेगळं दिसत नाही, सर.”

हे खरं होतं. साहेबांनी ते लिहून घेतलं. वही मागितली नाही. जाताना म्हणाले, तुमच्यासारख्यांनी इथे टायरच्या खोलीत राहू नये, पुण्याच्या प्रयोगशाळेसाठी मी तुमचं नाव सुचवतो.

मिस्त्रींवरचा ठपका निघाला. जुना गिलावा खरवडून नवा करायचा, आणि तो कोंडाबाईच्या चुन्याचा, असा हुकूम झाला. दुसऱ्या दिवशी मिस्त्री प्रयोगशाळेत आले. चप्पल काढली, हातातला डबा टेबलावर ठेवला. घरून शेवया दिल्या होत्या.

“माजं नाव ऱ्हायलं,” ते म्हणाले. “मशिदीत सांगितलं मी सगळ्यांस्नी. म्हनलं, बाई बोलत न्हाई, पर बोलली की साहेब बी गप ऱ्हातो.”

त्या शेवया मी दोन दिवस तशाच ठेवल्या आणि मग टाकून दिल्या. हे लिहिताना त्याचीही लाज वाटते.

आठवडाभराने वही घेऊन मी दवाखान्यात गेले. मिस्त्री बांबू-फळ्यांच्या पहाडावर उभे राहून छत खरवडत होते. मला पाहून खाली उतरले. मी वही उघडून ते पान त्यांच्यापुढे धरलं आणि आकडे वाचून दाखवले. एकशे सात, खोडलेलं. वर सत्त्याण्णव.

“शंभरावर सात?” ते म्हणाले. “शेरात सव्वाशेर कसा मावंल?”

“नाही मावत. म्हणजे त्यात दुसरं काहीतरी होतं. मी तेव्हाच विचारायला हवं होतं.”

“का न्हाई इचारलं?”

“लाज वाटली. वाटलं, हसतील.”

त्यांनी हातातली थापी पालथी केली, तिला चिकटलेला चुना अंगठ्याने काढला.

“मंग त्या दिशी मी इचारलं तवा?”

“तेव्हाही मला माहीत होतं. आकडा, म्हणजे. अर्थ नाही.”

ते थापी पुसत राहिले. माझ्या गप्प राहण्याने त्यांना कधी अवघडल्यासारखं झालं नव्हतं. त्यांच्या गप्प राहण्याने मला झालं.

“ही वही साहेबास्नी दावली?”

“नाही.”

“मंग मला कशापायी दावता, बाई?” त्यांनी ते चिडून विचारलं नाही. मुद्दाम हळू आवाजात विचारलं; पलीकडे मजूर होते. “मी काय करू तिचं? मी माफ करावं, तर केलं. पर मी हितं चुना खरवडनारा मानूस. माज्या माफीला तुमच्या कचेरीत कोन इचारतंय?”

आणि ते पुन्हा पहाडावर चढले.

मी बसने जुन्नरला परत आले. वाटेत मला जे कळलं ते साधं होतं. ज्याला सांगून माझं काही जाणार नव्हतं, अशा माणसाला मी निवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी वहीच्या त्या पानाची नक्कल केली, सोबत पत्र लिहिलं आणि मूळ वही रजिस्टर पोस्टाने पुण्याला पाठवली. पत्रात दुसऱ्या कुणाला दोष दिला नाही, देण्यासारखा नव्हताही. उत्तर यायला सहा आठवडे लागले. पुण्याची बदली रद्द झाली. माझ्या नोंदीत एक शेरा पडला, तो अजून आहे. पुढे छापील कागदावर आणखी एक चौकट आली, मॅग्नेशियमची. ती माझ्या पत्रामुळे आली की आपोआप, हे मला कुणी सांगितलं नाही.

मिस्त्रींना हे कळलं नाही. दवाखान्याचा गिलावा पुरा करून ते नाशिककडे लेकीच्या गावी गेले. तिथे बांधकाम मोठं निघालं होतं. जाण्याआधी ते प्रयोगशाळेत आले नाहीत. रागाने आले नाहीत की सवड झाली नाही म्हणून, याचा विचार मी अजूनही करते. पत्ता मिळवून त्यांना लिहिता आलं असतं. पण वही पाठवली हे त्यांना कळवणं म्हणजे पुन्हा त्यांच्याकडेच काहीतरी मागणं, असं वाटून लिहिलं नाही.

मी अजून जुन्नरलाच आहे. सिमेंट आता थोडं मिळू लागलं आहे, त्यामुळे चुन्याच्या पिशव्या कमी येतात आणि माणसंही. कामानिमित्त महिन्या-दोन महिन्यांनी त्या दवाखान्यावरून जाते, तेव्हा आत डोकावते. खाटा पुन्हा खोलीत आल्या आहेत. छताला तीन पावसाळे झाले, एक रेघ उमटलेली नाही. गेल्या खेपेला नर्सबाईंनी मला वर बघताना पाहिलं.

“मजबूत आहे हो,” त्या म्हणाल्या, “पण किती काळपट दिसतं. एखाद्या चांगल्या मिस्त्रीकडून पांढरं करून घ्या ना.”

“ते चांगल्याच मिस्त्रीचं आहे,” मी म्हणाले. एवढं बोलून मी बाहेर आले, बसला अजून वेळ होता.